खापरावरचा मांडा

खान्देशात सणाची पुरणपोळी म्हटली की तव्याचं काम नाही, खापर लागतं. कुंभाराने चाकावर घडवलेलं रुंद बुडाचं मातीचं भांडं चुलीवर उपडं घालायचं, खालून जाळ करायचा आणि त्याच्या तापलेल्या फुगीर पाठीवर हातांनी वाढवलेली पोळी टाकायची. यालाच आम्ही मांडा म्हणतो. पुण्याकडची पोळी पोळपाटावर तांदळाच्या पिठीवर लाटतात, विदर्भातली पुरणाने जड असते. आमचा मांडा नुसत्या लाटण्याने नव्हे, दोन्ही हातांच्या कोपरांपर्यंतच्या भागावर मोठा होतो. धुळे, जळगाव आणि १९९८ साली धुळ्यातून वेगळा झालेला नंदुरबार, या तीनही जिल्ह्यांत नव्या सुनेला अजून विचारतात, "मांडे येतात का गं?" मला हा प्रश्न माझ्या सासरी, यावल तालुक्यात, विचारला गेला होता. मी अमळनेर तालुक्यातली, बोरी नदीच्या काठची. माझ्या मोठ्या मायने, म्हणजे आजीने, मला मांडे शिकवले होते, त्यामुळे उत्तर द्यायला जड गेलं नाही.

पुढे शाळेत मराठी शिकवताना जुनी पुस्तकं हाताखालून गेली आणि या पोळीचं वय कळलं. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर असलेला 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातला. राजाने काय काय उपभोगावं याची त्यात प्रकरणंच्या प्रकरणं आहेत, त्यात अन्नाचंही एक आहे. तिथे 'मंडक' करण्याची कृती दिली आहे. गहू धुवायचे, उन्हात वाळवायचे, जात्यावर बारीक दळायचे, चाळून कोंडा काढायचा. पिठात थोडं तूप आणि मीठ घालून दूध-पाण्यात भिजवायचं, मोठ्या लाकडी परातीत हाताने आपटून आपटून मळायचं, गोळे करून हाताच्या फिरण्याने पसरायचे आणि तापलेल्या खापरावर टाकायचे. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मोठी माय डोळ्यांपुढे उभी राहिली. तिला अक्षरओळख नव्हती. तिने ही कृती तिच्या आईकडून घेतली, तिच्या आईने तिच्या आईकडून. नऊशे वर्षांपूर्वी राजाच्या मुदपाकखान्यासाठी लिहिलेलं आणि बोरीकाठच्या चुलीपुढे हातांनी जपलेलं यांत फरक किती थोडा! त्या कृतीत पुरण मात्र नाही. मंडक आतून कोराच आहे. पुरण कधी भरलं गेलं याची तारीख कुठल्या ग्रंथाने दिलेली नाही, आणि माझ्या मते ते काम राजाच्या आचाऱ्याचं नसून घरच्या बायकांचं असणार. इतकं पातळ पीठ फाटू न देता त्यात गोड सारण भरून ते हातभर वाढवायचं, हा हव्यास सण आणि लेकरं समोर असतानाच सुचतो.

मांड्यांची महाराष्ट्रातली सगळ्यांत प्रसिद्ध गोष्ट खान्देशातली नाही, पण तिचं एक टोक आमच्याकडे आहे. परंपरा सांगते की, आळंदीत निवृत्तिनाथांना मांडे खावेसे वाटले. मुक्ताबाई खापर आणायला कुंभारवाड्यात गेली. विसोबा चाटी नावाच्या ब्राह्मणाने संन्याशाच्या या पोरांना खापर द्यायचं नाही अशी कुंभारांना ताकीद दिली होती. मुलगी रडत घरी आली. तेव्हा ज्ञानेश्वरांनी योगबळाने आपली पाठ तापवली आणि मुक्ताबाईने तिच्यावर मांडे भाजले. ते पाहून विसोबाचा गर्व गळाला. तोच पुढे विसोबा खेचर, नामदेवांचा गुरू. कीर्तनात ही कथा चमत्कारासाठी सांगतात. मला त्यातला कुंभारवाडा महत्त्वाचा वाटतो. तेराव्या शतकाच्या या कथेत वाळीत टाकलेल्या घराला गहू मिळतो, गूळ मिळतो, पण खापर मिळत नाही. ते घरात करता येत नाही, त्यासाठी कुंभाराचं दार गाठावंच लागतं. एका घराचा सण अडवायचा तर त्याचं मातीचं भांडं अडवलं की पुरे, हे गावाला माहीत होतं. ज्या मुलीला ते नाकारलं गेलं तिची समाधी जळगाव जिल्ह्यात आहे. तापीच्या काठी मेहूण इथे, १२९७ साली, विजेच्या कडकडाटात ती अंतर्धान पावली असं वारकरी मानतात. मेहूण आणि कोथळी इथे तिची देवळं आहेत, जुन्या एदलाबादचं नाव बदलून मुक्ताईनगर झालं ते तिच्यामुळे, आणि आषाढीला पंढरपूरला जाणाऱ्या पालख्यांत तिची पालखी फार लांबून, तापीकाठाहून निघते.

खान्देशात कोणी कोणी ठासून सांगतं की मांडे मोगलांबरोबर आले. त्याचं कारण बऱ्हाणपूर. आज ते मध्य प्रदेशात असलं तरी १६०१ मध्ये अकबराने अशीरगड घेईपर्यंत तेच फारुकी सुलतानांच्या खान्देशचं मुख्य शहर होतं. मुमताजमहल १६३१ साली वारली तीही तिथेच. भुसावळहून गाडीने थोड्या वेळात पोहोचता येतं. तिथे आजही मैद्याचा भला मोठा, पातळ मांडा उपड्या कढईवर भाजतात आणि मटणाच्या रश्श्याबरोबर खातात. तिथली माव्याची जिलबी आणि रवा, साखर, तूप फेटून फेटून हलका केलेला दराबा जळगावकरांच्या पिशवीतून नेहमी येतो. जिलबी पश्चिम आशियातून आली, यात शंका नाही. मांडा मात्र तसा आला हे मला पटत नाही. मानसोल्लास मोगलांच्या चारशे वर्षं आधीचा आहे, मुक्ताबाईचा काळही त्यांच्या दोनशेहून जास्त वर्षं आधीचा. उलट असं झालं असावं की, लष्कराबरोबर उपड्या लोखंडावर रोटी भाजणारे लोक तापीकाठी आले आणि इथे त्यांना त्यांच्यासारखंच काम करणारे हात आधीच सापडले. लेबनॉन, सीरियाकडे 'साज' नावाच्या फुगीर लोखंडी तव्यावर कागदासारखी रोटी भाजतात. तुर्कस्तानात तशाच तव्यावर युफका भाजतात. मलेशियात तमिळ मुसलमान पराठ्याचा गोळा हवेत फिरवून ओढतात. पिठाला ताण देऊन वाढवण्याची ही विद्या आशियाभर पसरलेली आहे. बेळगावचे मांडेही त्याच कुळातले, पण ते साखर आणि खसखस घातलेले, कडक, दिवसेंदिवस टिकणारे. आमचा मांडा मऊ, पुरणाचा आणि त्याच दिवशी खायचा.

आता तो होतो कसा ते सांगते, कारण या पोळीचा खरा इतिहास तिथे आहे.

मोठी माय आदल्या दिवशी गहू निवडून त्यांना पाण्याचा हात लावायची आणि ओल्या फडक्यात बांधून वर वजन ठेवायची. दुसऱ्या दिवशी ते सावलीत सुकवून दळायचे. ओलाव्यामुळे गव्हाचं साल चिवट होतं, दळताना त्याची भुकटी होत नाही, पापुद्रे सुटतात आणि चाळणीवर राहतात. मोठ्या मैद्याच्या कारखान्यांत गहू दळण्याआधी हेच करतात. मग ते पीठ पातळ कापडातून गाळायचं. खाली पडायचं ते वस्त्रगाळ पीठ मांड्यांचं, वर राहायचा तो रवा सांजोरीचा, कोंडा गोठ्यात. एका गव्हातून दोन गोड पदार्थ आणि गुरांचं खाद्य निघायचं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मांड्यांबरोबर सांजोऱ्या का होतात, याचं उत्तर मला या चाळणीत दिसतं.

कोंडा काढायचा तो पांढरेपणासाठी नव्हे. गव्हाच्या पिठात पाणी पडलं की चिकाचं जाळं तयार होतं आणि कोंड्याच्या धारदार कणांनी ते तुटतं. कणीक मळून, तेलाचा हात लावून, आपटून, पुन्हा मुरत ठेवून ते जाळं इतकं लवचीक करायचं की गोळा ओढला तर तुटण्याआधी लांबला पाहिजे. पुरणाची डाळ शिजली की कट काढून रशीसाठी, म्हणजे आमटीसाठी, बाजूला ठेवायचा. गूळ किंवा साखर घालून आटवायचं, वेलची, जायफळ, आणि पाट्यावर गंधासारखं वाटायचं. पुरण आणि कणीक यांचा मऊपणा अगदी सारखा हवा. पुरण घट्ट असलं तर पोळी मधे फाटते, सैल असलं तर कडेला पळतं. हे मोजून ठरत नाही. मोठी माय म्हणायची, "पीठ जे सांगस ते ऐकानं." बोटं पिठात घालूनच ते ऐकायचं.

दोन छोट्या पाऱ्यांच्या मधे पुरण ठेवून कडा दाबतात, किंवा एकाच उंड्यात भरतात. थोडं लाटून झालं की बांगड्या मागे सारायच्या आणि पोळी हातांवर घ्यायची. एका हातावरून दुसऱ्या हातावर, तळव्यावरून मनगटावर, तिथून कोपराकडे ती फिरत जाते आणि स्वतःच्या वजनाने वाढत जाते. बोटाचं टोक लागता कामा नये. खापराएवढी झाली की एका झेपेत उपड्या खापरावर. तिथे जाळ जास्त असेल तर पीठ लागतं, कमी असेल तर पोळी वाळते. म्हणून चुलीपुढे दुसरी बाई लागते, जाळ सांभाळणारी. मांडे एकटीने होत नाहीत. भाजलेली पोळी उचलून चौघडी घालायची आणि फडकं अंथरलेल्या दुरडीत ठेवायची. आमरसात, तुपात किंवा दुधात बुडवून खायची, बाजूला रशी, भात, कुरडया, भजी.

जाळ म्हणजे पऱ्हाट्यांचा, कापसाच्या वाळल्या काटक्यांचा. तो भसकन पेटतो, खापराच्या पोटात सगळीकडे पसरतो आणि काटकी मागे ओढली की लगेच उतरतो. जाड लाकडाला हे जमत नाही. खान्देशात कापूस जुना आहे, पण १८६०च्या दशकात अमेरिकेतल्या यादवीने कापसाचा भाव चढला, त्याच दशकात रेल्वे भुसावळपर्यंत आली, आणि कापसाखालचं रान वाढलं. उन्हाळ्यात दारापुढे पऱ्हाट्यांचे ढीग आणि आखाजीही उन्हाळ्यातच. गिरण्यांना पाठवायला कापूस पिकवायचा आणि त्याच्या काटक्यांवर मांडे भाजायचे, असं दीड शतक चाललं.

एवढं सगळं असूनही मांडा रोजचा कधी नव्हता. रोज ज्वारी-बाजरीची भाकरी, कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत, उडदाची डाळ. गहू राखून ठेवायचा तो सणाला, पाहुण्याला आणि देवाला. सगळ्यांत मोठा सण आखाजी. शेतकऱ्याचं नवं वर्ष इथून सुरू होतं. सालदाराचा करार आखाजी ते आखाजी असतो, जुना हिशेब त्या दिवशी फिटतो आणि नवा ठरतो. पितरांसाठी नवी घागर भरायची, तिच्यावर लहान मडकं, आंबा आणि डांगर ठेवायचं, निखाऱ्यावर पोळी आणि तुपाची आगारी टाकायची. आगारी टाकेपर्यंत पुष्कळ घरांत आंबा चाखत नाहीत. लेकी माहेरी आलेल्या असतात, गौराईची गाणी असतात, निंबाला झोके असतात. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींनी आखाजीवर गाणं रचलं त्यात या माहेराच्या सुखालाच जागा आहे. त्या वारल्या १९५१ साली, 'बहिणाबाईची गाणी' आली १९५२ साली. त्यांनाही लिहिता येत नव्हतं. लिहिता न येणाऱ्या बायकांनी या मुलखात काय काय जपलं ते पाहिलं की मन भरून येतं.

आखाजी गावाची, तर कानबाई कुळाची. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, सोमवारी तिचं विसर्जन. त्याआधी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू आणि हरभऱ्याची डाळ मोजून घ्यायची. त्या दळणाच्या पुरणपोळ्या, खीर, कटाची आमटी, गंगाफळाची भाजी, सगळं कांदा-लसणाशिवाय. याला रोट म्हणतात. रोट भाऊबंदांनीच खायचे आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे. वाटण्या झालेले, बोलणं तुटलेले भाऊ त्या दिवशी एका पंगतीला येतात, कारण मोजलेलं धान्य सगळ्यांच्या नावाचं असतं. मुठी पुरुषांच्या नावाच्या आणि राबणं बायकांचं, हे मला पहिल्यापासून खटकत आलं आहे. आमच्या घरी आता मुलींच्या नावानेही मूठ पडते. जिजींनी, माझ्या सासूबाईंनी, त्याला हरकत घेतली नाही.

१९७३ची आखाजी मला आठवते. बहात्तरच्या दुष्काळाने विहिरी आटल्या होत्या. रेशनला मिलो नावाची तांबडी ज्वारी येत होती, रोजगार हमीच्या खडीच्या कामावर सुकडी मिळत होती, आम्हा पोरांना ती फार आवडायची. मोठ्या मायने ठेवणीतले गहू काढून नैवेद्यापुरते मांडे केले. पितरांना, गाईला, मग सालदाराच्या घरी, आणि उरलेल्या पोळीचे तुकडे आम्हा नातवंडांना. सालदाराला आधी का, असं माझ्या भावाने विचारलं. त्याचंही वर्ष आज सुरू होतं, असं ती म्हणाली.

तोवर मांड्यांना पैसे लागत नव्हते. गल्लीतल्या बायका एकमेकींच्या घरी पाळीने जायच्या, एक मळणारी, एक जाळ घालणारी, दोघी-तिघी हातावर घेणाऱ्या. ज्यांचा हात चांगला त्यांना लग्नाकार्याला बोलावणं यायचं, आणि निघताना लुगडं-खण किंवा धान्य मिळायचं. घरं शहरात गेली, चुली गेल्या, गॅस आला. मातीच्या खापराऐवजी लोखंडी खापर आलं. ते लवकर तापतं आणि फुटत नाही, पण पोळी जागोजागी कडक होते. मातीचं खापर उष्णता हळू देतं, म्हणून मांडा मऊ राहतो. हे खाणाऱ्याला पहिल्या घासाला कळतं. मग बचत गट आले आणि मांड्यांचा धंदा झाला. जळगावच्या, पुण्याच्या महोत्सवांत खान्देशी बाया चुलीसकट बसू लागल्या, पुण्याच्या भीमथडी जत्रेत त्यांच्यापुढे रांग लागते. आता आखाजीच्या आधी फोनवर मागण्या नोंदवल्या जातात. आमच्या गल्लीतल्या एका विधवा बाईने दोन मुलांची शिक्षणं या पोळ्यांवर केली. मांडे विकायला लागले म्हणून नाक मुरडणारे लोक मी पाहिले आहेत. मला ते अजिबात मान्य नाही. शतकानुशतकं फुकट घेतलेल्या कौशल्याला आता कुठे दाम मिळतो आहे.

तो दामही पुरता नाही. मांड्याची किंमत सांगितली की "एका पोळीचे एवढे?" असं म्हणणारं गिऱ्हाईक मी स्वतः ऐकलं आहे. त्या एका पोळीत आदल्या दिवशी भिजवलेला गहू आहे, गाळलेलं पीठ आहे, वाटलेलं पुरण आहे, वैशाखाच्या उन्हात चुलीपुढे बसलेल्या दोन बाया आहेत आणि वर्षानुवर्षं पोळलेली बोटं आहेत. ज्यांनी हे हात घडवले त्या पिढीतल्या बायका आता सत्तरीपुढे गेल्या आहेत, आणि खापर घडवणारे कुंभारही गावागावांत कमी झाले आहेत.

म्हणून माझं मागणं एवढंच. मांडे विकत घ्याल तेव्हा भाव करू नका. कुंभाराला खापर महिनाभर आधी सांगा आणि त्याचे पैसे आगाऊ द्या. आणि घरात कुणाला मांडे येत असतील तर येत्या आखाजीला तिच्या शेजारी पाट मांडून बसा, मुलींनी बसा, मुलग्यांनीही बसा. पहिल्या पोळ्या फाटतील, त्या गाईला घाला आणि पुढची हातावर घ्या.